रात्रीच्या रानांतील दिवा : हातविजेरीची पारख

पिकास पाणी देण्यासाठीं अपरात्रीं रानांत जावें लागतें, हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. कृषिपंपांची तीन फेजची वीज अद्यापि अनेक भागांत पाळीनें येते. एका आठवड्यांत दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यांत ऐन मध्यरात्रीं. दिवसा वीज मिळावी या हेतूनें राज्य सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनीची योजना काढली व २०२३ सालीं तिचा विस्तार केला. ज्या गांवीं तिचा लाभ पोंचला तेथील शेतकरी सुदैवी होत. इतरांस मात्र दारें धरण्याकरितां अंधारांतच बांध तुडवावे लागतात. त्यांत ऊस, केळी अथवा मका यांसारखें उंच पीक असलें म्हणजे दहा पावलांवर काय आहे हें चांदण्यांतही कळत नाहीं. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडांतच बिबळ्या राहतो व तेथेंच त्याची मादी पिलें घालते. सापाचें भय तर सर्वत्र सारखेंच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सुमारें बारा लाख माणसें सर्पदंशानें दगावलीं असा अंदाज संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला; त्यांत बहुसंख्य माणसें खेड्यांतील होतीं. अशा स्थितींत हातांतील दिवा हें शेतकऱ्याचें एक महत्त्वाचें औत आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, बियाणें घेतांना मूठभर रुजवून पाहतों. पण दिवा घेतांना पेटीवरील मोठा आंकडा वाचून पैसे मोजतों. त्या आंकड्यांचा अर्थ काय व दिवा कसा पारखावा, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

शब्दांविषयीं आधीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे या दिव्यालाच ‘बॅटरी’ म्हणण्याची चाल आहे, आणि त्याच्या पोटांतील विजेच्या सांठ्यालाही इंग्रजींत तोच शब्द आहे. घोटाळा टाळण्यासाठीं येथें दिव्यास विजेरी व आंतील सांठ्यास सेल म्हटलें आहे.

चार वर्षांपूर्वींची माझी स्वतःचीच फजिती सांगतों. आठवड्याच्या बाजारांतून मीं एक लहानशी काळी विजेरी घेतली. पेटीवर लुमेनचा पांच आंकडी हिशेब छापलेला होता व ‘टॅक्टिकल’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. घरीं अंगणांत लावून पाहिली तों समोरच्या चिंचेचा शेंडा उजळला, व आम्हीं सर्वांनीं वाहवा केली. पांचव्या रात्रीं उसास पाणी धरलें असतां दहा मिनिटांतच तिचा प्रकाश निम्मा झाला, आणि अर्ध्या तासांत तर ती निव्वळ काजव्यासारखी झाली. बांधावरून परत येतांना डाव्या पायाजवळ कुकराच्या शिटीसारखा फुत्कार ऐकूं आला, म्हणून मी जागच्या जागीं थांबलों. फुत्कारली म्हणून ती घोणस होती हें समजलें. मण्यार असती तर तिनें एवढीही सूचना दिली नसती. दुसऱ्या दिवशीं सेल काढून एका जाणत्या गृहस्थाकडून मोजून घेतला. वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलें होतें. प्रत्यक्षांत हजारही भरले नाहींत. पाऊण बिघ्याला एक एकर म्हणून विकण्यासारखाच हा प्रकार होता, पण त्या दुकानदारास तरी त्याचें ज्ञान होतें कीं नाहीं कोण जाणे.

आतां आंकड्यांकडे वळूं. विजेरीच्या पेटीवर दोन निरनिराळीं मापें असतात व त्यांची गल्लत नेहमीं होते. पहिलें माप लुमेन. दिव्यांतून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो याचें हें माप आहे. दुसरें माप कँडेला. झोताच्या मध्यभागीं प्रकाश किती एकवटलेला आहे, हें त्यावरून कळतें. विहिरीवरील मोटर तासाला किती लिटर पाणी उपसते, हें जसें लुमेन. आणि नळीच्या तोंडाशीं बोट दाबून धरलें असतां धार किती लांब जाते, हें जसें कँडेला. पाणी तेवढेंच, पण धार आखूड-रुंद किंवा लांब-बारीक करतां येते. दिव्याच्या मागील परावर्तक वाटी खोल व रुंद असली म्हणजे धार लांब जाते. ती उथळ किंवा खडबडीत असली, किंवा समोर दाणेदार भिंग असलें, म्हणजे प्रकाश पसरतो.

झोत किती दूर पोंचेल याचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेंत २००९ सालीं विजेऱ्यांच्या मोजणीसाठीं एक प्रमाण ठरविण्यांत आलें. ‘एफ. एल. १’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे, आणि प्रामाणिक कारखानदार त्याचा उल्लेख पेटीवर करतात. त्याप्रमाणें ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारणतः स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो तें अंतर म्हणजे विजेरीचा पल्ला. कँडेलाचें वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी, कीं हा पल्ला मीटरमध्यें मिळतो. उदाहरणार्थ, पांचशें लुमेनच्या दोन विजेऱ्या घ्या. एकीचे कँडेला २,५०० आहेत; २,५०० चें वर्गमूळ ५०, दुप्पट १००. म्हणजे तिचा पल्ला शंभर मीटर. दुसरीचे कँडेला ४०,००० आहेत. वर्गमूळ २००, म्हणून पल्ला चारशें मीटर. लुमेन दोहोंचे सारखे, पण एक घराभोंवतीं उपयोगी आणि दुसरी लांबच्या बांधासाठीं.

यांतून दोन गोष्टी लक्षांत घ्यावयाच्या. पल्ला दुप्पट करावयाचा तर कँडेला दुप्पट करून भागत नाहीं, चौपट लागतात. कारण अंतर दुप्पट झालें म्हणजे प्रकाश चौथाई होतो. म्हणून हजारांऐवजीं दोन हजार लुमेनची विजेरी घेतली तर ती दुप्पट दूर पाहील, हा भ्रम सोडावा. दुसरें असें कीं, चांदण्याएवढ्या प्रकाशांत कांहींतरी हललें एवढेंच कळतें. तें कुत्रें आहे कीं बिबळ्या, रानडुक्कर आहे कीं घोंगडी पांघरलेला शेजारी, हें कळत नाहीं. ओळख पटण्यासाठीं छापलेल्या पल्ल्याचा तिसरा हिस्साच हिशेबांत धरावा. चारशें मीटर लिहिलें असेल तर सव्वाशें मीटरवर जनावर ओळखेल, असें समजावें.

या प्रमाणाची आणखी एक मेख आहे. त्यांत लुमेन मोजतात ते बटण दाबल्यानंतर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या अवधींत, आणि दिवा ‘चालतो’ असें मानतात तो मूळ प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत. त्यामुळें ‘हजार लुमेन, चार तास’ असें वाचून चार तास हजार लुमेन मिळतील असें समजूं नये. हातांत मावणारा लहान दिवा पूर्ण जोरावर लावला कीं कांहीं मिनिटांत तापतो, व तापूं लागला कीं त्यांतील यंत्रणा आपोआप प्रकाश उतरविते. यांत कारखानदाराची लबाडी नाहीं. दिवा जळूं नये म्हणून ती तजवीज असते. आजच्या दिव्यांतही विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेंतच जातो, आणि ती उष्णता बाहेर टाकावयास धातूचें अंग मोठें हवें. म्हणून मुठीएवढ्या विजेरीवर दहा हजार लुमेन छापलेले असले तर तीं दोन मिनिटांची दिवाळी आहे असें धरून चालावें. विकत घेतांना मधल्या पायरीचा प्रकाश किती व तो किती तास टिकतो, हें विचारावें. आपलें काम त्याच पायरीवर होणार आहे.

हातविजेरी ही कांहीं नवी वस्तु नाहीं. डेव्हिड मिझेल यांस तिचें अमेरिकन पेटंट १८९९ सालींच मिळालें होतें. आपल्या लहानपणीं घरोघर असलेली दोन-तीन सेलची पितळी विजेरी तिचीच नात. खरी क्रांति झाली ती १९९३ नंतर, शुजी नाकामुरा यांनीं जपानांत तेजस्वी निळा अर्धवाहक दिवा सिद्ध केला तेव्हांपासून. त्या निळ्या दिव्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप दिला कीं पांढरा प्रकाश मिळतो. या शोधाबद्दल नाकामुरा, इसामु आकासाकी व हिरोशि आमानो या तिघांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तारेचा जुना दिवा तेवढ्याच विजेंत जो प्रकाश देई, त्याच्या कित्येक पट प्रकाश आज मिळतो तो यामुळें.

आपल्याला नेमकें पाहावयाचें असतें काय? बांधावरून चालणाऱ्या माणसाचें नव्वद टक्के काम पुढील पांच-सात पावलांवर असतें. त्यासाठीं रुंद, मऊ कडांचा व बेताचा प्रकाश हवा. शंभर लुमेनही पुष्कळ होतात. अरुंद, डोळे दिपविणारा झोत पायाशीं टाकला तर मध्यें पांढरा गोळा दिसतो व त्याच्या बाहेर सर्व काळोख होतो. साप नेमका त्या काळोखांत असावयाचा. उरलेलें दहा टक्के काम म्हणजे पाटाचें पाणी कोठवर गेलें, फडाच्या कडेला काय हललें, हें दुरून पाहणें. त्यासाठीं लांब धार हवी. हीं दोन्ही कामें एकाच विजेरीनें करावयाचीं तर मध्यें धार व भोंवतीं भरपूर पसरलेला उजेड, अशी रचना निवडावी. पुढेंमागें सरकणारें भिंग असलेल्या विजेऱ्या बाजारांत पुष्कळ आहेत. परंतु सरकत्या सांध्यांतून पाणी व माती आंत जाते, असा माझा अनुभव आहे.

विजेरी धरावी कशी, हेंही शिकण्यासारखें आहे. चालतांना ती कमरेच्या खालीं धरावी. तेथून प्रकाश तिरपा पडतो व ढेकूळ, फांदी, वेटोळें या सर्वांची सांवली लांब पडून वस्तु उठून दिसते. कपाळावर बांधण्याच्या दिव्यानें नेमकी हीच सोय जाते. प्रकाश आणि डोळा एकाच जागीं असल्यामुळें सांवल्या वस्तूंच्या मागें दडतात व जमीन सपाट भासते. धुक्यांत व धुळींत तर कपाळावरचा दिवा समोर पांढरी भिंतच उभी करतो. शिवाय पावसाळ्यांतील सर्व किडे तोंडावर येतात तें निराळेंच. पण स्टार्टरच्या पेटीशीं, मोटरीच्या फूटव्हॉल्व्हशीं किंवा गाय वीत असतां दोन्ही हात मोकळे हवे असतात. तेव्हां कपाळावरचा दिवा हाच खरा. विजेरी दांतांत धरून ओल्या हातांनीं फ्यूज बसविणारे गृहस्थ प्रत्येक गांवांत आहेत. त्यांनीं तरी हा दुसरा दिवा अवश्य घ्यावा.

जनावराचे डोळे पाहावयाचे असतील तर मात्र विजेरी आपल्या डोळ्यांच्या रेषेंत, गालाजवळ धरावी. मांजरकुळांतील प्राणी, कुत्रीं, गुरें, हरणें यांच्या डोळ्यांच्या तळाशीं आरशासारखा पडदा असतो. तो प्रकाश आल्या वाटेनेंच परत फेंकतो. विजेरी कमरेजवळ असली तर ती चमक आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाहीं. परंतु चमक दिसली म्हणून बिबळ्याच, असें मानूं नये. रंगावरून जात ओळखण्याचा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये; कोनाप्रमाणें तो रंग बदलतो, आणि कोळ्याचे बारीक डोळेही हिऱ्यासारखे चमकतात. दोन डोळ्यांमधील अंतर, जमिनीपासूनची उंची आणि हालण्याची ढब यांवरूनच अनुमान करावें. डोळे बिबळ्याचे असल्याचा संशय येतांच खालीं वांकूं नये, पाठ फिरवून पळूं नये, त्याचा पाठलाग तर करूंच नये. मोठ्यानें बोलत, प्रकाश तसाच ठेवून, त्याला जावयास वाट मोकळी राहील अशा रीतीनें मागें सरावें. दाऱ्यावर एकट्यानें बसून राहणें हेंच मुळीं टाळण्यासारखें आहे. बसलेला माणूस बिबळ्यास बेताच्या जनावराएवढा दिसतो.

आपल्या स्वतःच्या डोळ्यांचाही विचार करावा लागतो. अंधारास डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एक तेजस्वी झोत पांढऱ्या भिंतीवर किंवा पाण्यावर पडून परतला कीं ती कमाई क्षणांत जाते. म्हणून ज्या विजेरींत दोन-पांच लुमेनची अगदीं मंद पायरी आहे ती श्रेष्ठ. घरांत रात्रीं अंथरुणावरून उठतांना याच पायरीचा उपयोग करावा. मण्यार रात्रीं घरांत शिरून भुईवर निजलेल्या माणसास चावते, हें आपण जाणतांच. उशाशीं विजेरी ठेवून पाय टेकण्यापूर्वीं भुई पाहण्याची संवय मुलांनाही लावावी.

रंगाविषयीं थोडें. बाजारांतील बहुतेक विजेऱ्यांचा प्रकाश निळसर पांढरा असतो, कारण तेवढ्याच विजेंत तो कांहींसा अधिक लुमेन देतो. त्या प्रकाशांत तांबडे व तपकिरी रंग मरतात. पाचोळ्यावर पडलेली घोणस किंवा फुरसें यांचे पट्टे पाचोळ्यांतच मिसळून जातात. किंचित् पिवळसर, चार हजार केल्विनच्या आसपासचा प्रकाश मिळाला तर तो घ्यावा, लुमेन थोडे कमी पडले तरी. पेटीवर रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सी. आर. आय., नव्वद किंवा अधिक लिहिलेला असेल तर तपकिरी रंगांतील भेद अधिक स्पष्ट दिसतो. कोंकणांतील वाचकांसाठीं एक माहिती: जंबुपार किरणांच्या विजेरीखालीं विंचू हिरवट निळा चमकतो, अगदीं दगडाच्या फटींतूनही. लाल विंचवाचा जेथें उपद्रव आहे तेथें अशी एक लहान विजेरी घरांत असावी. मात्र तिच्या झोतांत डोळे घालूं नयेत.

आतां ‘टॅक्टिकल’ या शब्दाचा परामर्श घेऊं. मूळांत तो पोलिस व सैनिक यांच्या विजेरीविषयींचा आहे. तिचें अंग कठीण ॲल्युमिनियमचें, तोंड कंगोरेदार व बटण शेपटाशीं असतें. तें बटण अर्धवट दाबल्यास दाबून असेपर्यंतच दिवा लागतो, व पुरतें दाबल्यास लागून राहतो. यांपैकीं शेपटाचें बटण आपल्याही कामाचें आहे. मुठींत कशीही धरली तरी अंगठा अंधारांत अचूक तेथेंच जातो. आतां या विजेऱ्यांत लुकलुक करणारी एक पायरी असते, समोरच्या माणसाचे डोळे गांगरून टाकावे म्हणून. शेतांत तिचा कांहींएक उपयोग नाहीं. उलट, स्वस्त विजेऱ्यांत एकच बटण पुन्हां पुन्हां दाबून पूर्ण, मध्यम, मंद, लुकलुक, इशारा अशा पायऱ्या क्रमानें येतात, आणि ऐन घाईंत पायापुढें लुकलुकणारा उजेड पडतो. त्यांत साप हलला कीं नाहीं तें कळत नाहीं, आणि ज्यांस अपस्माराची प्रवृत्ति आहे अशा कांहीं माणसांस अशा प्रकाशानें झटका येऊं शकतो. एक दाबणें, एक प्रकाश. पायऱ्या बदलण्यास निराळें बटण. अशी रचना शोधावी. दुकानांत डोळे मिटून बटण दाबून पाहावें, मग हातांत चिखल लागला आहे असें समजून पुन्हां दाबावें.

सेलांच्या बाबतींत सर्वांत अधिक फसवणूक होते, म्हणून तिकडे विशेष लक्ष द्यावें. सध्यां चांगल्या विजेऱ्यांत लिथियमचा पुनर्भरणीय सेल असतो. त्याचें नांव ‘१८६५०’ असें आंकड्यांनींच लिहितात. १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी, असा त्याचा अर्थ. त्याहून जाड तो ‘२१७००’. आजच्या रसायनानें पहिल्यांत साधारणतः साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास सांठा मावतो, दुसऱ्यांत सुमारें पांच हजार. याहून पुष्कळ मोठा आंकडा १८६५० वर छापलेला दिसला कीं तो सेल खोटा समजून परत करावा. अधिक परीक्षा करण्याची गरज नाहीं. शक्य तर सेल आंतूनच संरक्षक पट्टी जोडलेला घ्यावा, म्हणजे अति भरणें, अति रितें होणें व दोन टोंकांचा बाहेरून थेट जोड होणें यांपासून तो वांचतो. सुटा सेल खिशांत किल्ल्यांबरोबर कधींही टाकूं नये. दोन टोंकें धातूनें जोडलीं गेलीं तर तो पेट घेतो. ट्रॅक्टरच्या बैठकीवर उन्हांत विजेरी ठेवण्याची संवयही सोडावी, कारण उष्णतेनें सेलाचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तापलेला सेल निवल्यावांचून भरावयास लावूं नये.

शिशाच्या सेलाचे मोठे हातदिवे अजून खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. ते जड असले तरी स्वस्त व दणकट असतात. त्यांचा घात होतो तो रिते ठेवल्यानें. वीज संपलेला शिशाचा सेल तसाच आठपंधरा दिवस पडला कीं त्याच्या पत्र्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो, व पुढें तो कितीही भरला तरी धरत नाहीं. वापर असो वा नसो, महिन्यांतून एकदां तो भरावाच. साध्या पेन्सिल-सेलांची विजेरी मात्र एका बाबतींत सरस आहे: आठ दिवस वीज गेली तरी वाण्याकडे सेल मिळतात. अतिवृष्टींत तारा तुटून गांव अंधारांत बसतें तेव्हां याचें मोल कळतें. म्हणून एक लिथियमची विजेरी कामासाठीं व एक पेन्सिल-सेलची अडीअडचणीसाठीं, असें मीं घरीं ठरविलें आहे. दुसरीतील सेल मात्र काढून शेजारीं ठेवावे. आंत राहिले तर पाझरून पितळी टोंकें खाऊन टाकतात.

पाण्याविषयीं फार लिहावयास नको. पेटीवर ‘आय. पी. एक्स. ४’ असेल तर ती पावसाचे शिंतोडे सोसते. ‘७’ असेल तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास पडली तरी चालते. पाटांत हात घालणाऱ्या माणसानें ७ च घ्यावी. सांध्यांतील रबरी कडीस वर्षांतून दोनदां सिलिकॉनचें वंगण लावावें. खोबरेल किंवा इंजिनाचें तेल लावूं नये.

बंदुकीस बसविण्याच्या दिव्यांविषयीं आतां लिहितों, कारण पीकसंरक्षणासाठीं परवान्याची बंदूक बाळगणारे कांहीं वाचक त्याबद्दल विचारतात. ही कल्पना आपल्या देशास अपरिचित नाहीं. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यास जिम कॉर्बेट यांनीं १९२६ च्या मे महिन्यांत गुलाबराय येथें रात्रीं मारलें तें रायफलीस जोडलेल्या विजेच्या दिव्याच्याच साहाय्यानें. पुढें १९८० सालीं लंडनमधील इराणी वकिलातींत ओलीस धरलेल्यांस सोडविण्यासाठीं ब्रिटिश सैन्याचें पथक शिरलें, तेव्हां त्यांच्या बंदुकांना हातविजेऱ्या बांधलेल्या होत्या. त्यानंतर या दिव्यांची निराळी जात तयार झाली: बंदुकीच्या धक्क्यानें सेल निसटूं नये म्हणून दोन्ही बाजूंस कडक स्प्रिंगा, पट्टीवर घट्ट बसणारी पकड, आणि बोटानें दाबण्याची लांब तारेची कळ. अमेरिकन सैन्यानें १९९५ सालीं ती पट्टी प्रमाणित केली.

तथापि शेतकऱ्यानें हा दिवा घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. दिवा नळीस बांधला म्हणजे जेथें प्रकाश टाकावयाचा तेथें बंदूकही रोखली जाते. फडांत काय हललें हें पाहण्यासाठीं दिवा लावला आणि तेथें आपलाच गडी ओणवा होऊन दारें मोडीत असला, तर आपण त्याच्यावर भरलेली बंदूक रोखलेली असते. बोट तेवढें घसरावयाचें बाकी. सैनिकास समोर कोण आहे याची पूर्वकल्पना असते व तशी तालीम झालेली असते. रात्रींच्या रानांत आपल्या समोर असावयाचा संभव सर्वांत अधिक तो आपल्याच गांवच्या माणसाचा. म्हणून शोधण्याचें काम हातविजेरीनें, आणि तेंही शक्य तर दुसऱ्या माणसानें करावें; त्यानें बंदूक असलेल्याच्या खांद्यामागें उभें राहावें, म्हणजे तो नळीच्या पुढें कधींच येत नाहीं. नुसते चमकणारे डोळे पाहून चाप ओढणें तर केवळ वेडेपणा होय. जनावराचें संपूर्ण अंग दिसलें पाहिजे, आणि त्याच्या मागें काय आहे हेंही.

कायद्याची बाजूही ध्यानीं ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें मिळालेला परवाना हा बंदूक बाळगण्याचा आहे, वन्य प्राणी मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुक्कर असो वा बिबळ्या, अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावांचून मारतां येत नाहीं; बिबळ्याच्या बाबतींत तर तो हुकूम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचाच लागतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलें असतां सद्‌बुद्धीनें केलेला बचाव गुन्हा ठरत नाहीं, पण पिकाचा बचाव त्यांत मोडत नाहीं.

शेवटीं, विकत घेतलेली विजेरी पारखण्याची रीत. अमावास्येच्या आसपास खताची एक रिकामी पांढरी गोणी व एक काळें कांबळें पलीकडच्या बांधावर टांगावें आणि विजेरी घेऊन पावलें मोजीत मागें जावें. गोणी पुष्कळ दुरून दिसेल; कांबळें जेथून दिसेनासें होतें तोच तुमच्या विजेरीचा खरा पल्ला, कारण रानडुकराचा रंग गोणीचा नसतो. मग सेल पुरता भरून विजेरी मधल्या पायरीवर लावून उघड्या जागीं, गवत-कडब्यापासून दूर ठेवावी व दर अर्ध्या तासानें भिंतीवरील वर्तुळ पाहून वेळ लिहून ठेवावी. प्रकाश निम्मा वाटूं लागला ती वेळ विजेरीच्या अंगावर रंगानें लिहावी. माझ्या विजेरीवर ‘साडेपांच तास’ असें लिहिलें आहे. आमच्या फीडरची रात्रीची पाळी आठ तासांची. म्हणून दुसरा भरलेला सेल प्लॅस्टिकच्या डबींत घालून स्टार्टरच्या पेटीजवळच्या खुंटीला टांगलेला असतो.